आईचे पूर्ण नाव

शनिवार, ६ डिसेंबर

लिहायचं टाळत आलो, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. ही वही उन्हाळ्यात पोर्ट सईदच्या बाजारात घेतली, रोज लिहायचं ठरवून. तेव्हापासून तिच्यावर चहाचे ग्लास ठेवले, तिच्यानं माश्या मारल्या, मागच्या पानांवर कारखान्यातल्या बयूमीनं पत्त्यांच्या डावाचे गुण मांडले. लिहायला बसलो की कुणीतरी हाक मारायचं, नाहीतर मलाच बाहेर कुठंतरी जायचं सुचायचं. आज समुद्र खवळलाय, बोटी सगळ्या नदीत येऊन बसल्यात, बाहेर जाण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून बसलो.

तर मी शिहाता. गाव दक्षिणेला, मिन्याकडचं, पण गावाला मी फारसा सापडत नाही. उसाचा रस काढला, पोर्ट सईदला पेट्या उचलल्या, दुमयातला खुर्च्यांना पॉलिश मारलं, आणि गेल्या रमजानपासून इथं, नदी समुद्राला मिळते त्या टोकाला, उस्ता, म्हणजे मुख्य मिस्त्री, दसूकींच्या कारखान्यात लाकडी बोटींच्या फटींत कापूस ठासतो. इतका मी कुठंच टिकलो नव्हतो. उस्तांची बायको, उम्म रिद्वान, जेवायला वाढते हे एक कारण. दुसरं मलाही माहीत नाही.

खरी बातमी राहिलीच. हजच्या सोडतीत उस्ता आणि उम्म रिद्वान दोघांची नावं निघाली. दर वर्षी अर्ज करायचे, दर वर्षी शेजारच्या कुणाचं तरी नाव निघायचं, आणि हे दोघं त्यांना बंदरापर्यंत पोचवून यायचे. यंदा दोघांची एकदम. बातमी आली तेव्हा उस्ता रंधा मारत होते. रंधा थांबला नाही, फक्त दाढीवर बसलेला भुसा ओला झाला. येत्या रविवारपर्यंत, म्हणजे चौदा तारखेला, पैसे भरायचे. नाही भरले तर जागा पुढच्याला. पैसे बँकेत आहेत. मोठी बोट विकली ती त्याच्याचसाठी, आता मागं ठेवलेलं दुसरं काही नाही.

अर्ज मी भरला होता माझ्या फोनवरून, कारण उस्तांचा फोन बटणांचा. अर्जाला ईमेलचा पत्ता लागतो, तो मीच उस्तांच्या नावानं बनवला, तो माझ्याच फोनवर उघडतो. मलाही उपयोगी पडतो म्हणा. मध्ये मोटारसायकलच्या बक्षिसाचं एक पान आलं होतं, तिथं माझा पत्ता घालणार होतो तर त्याचा परवलीचा शब्द आठवेना. मग उस्तांचं नाव आणि पत्ता घातला, फोन माझा दिला. बँक कोणती आणि पैसे कशासाठी साठवता तेही विचारलं होतं. मोठ्या कंपन्या सगळं नीट विचारून घेतात. मी लाल रंग निवडलाय.

सोमवार, ८ डिसेंबर

आजचं आजच लिहून टाकतो.

दुपारी आम्ही सगळे अर्ध्या बांधलेल्या बोटीच्या आडोशाला चीज-रोटी खात होतो. मी, उस्ता, बयूमी, आणि लाकूड चिरणारे दोघं. फोन वाजला म्हणून बघितलं तर उस्तांच्या पत्त्यावर बँकेचं पत्र. वर बँकेचं निळं चिन्ह, अगदी शाखेच्या दारावर आहे तसं. मोठ्यानं वाचलं.

‘प्रिय ग्राहक, आपल्या खात्याची माहिती अपुरी असल्याने ते येत्या शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता गोठवण्यात येत आहे. खालील निळ्या अक्षरांवर बोट ठेवून माहिती त्वरित भरावी. शाखेत येण्याची आवश्यकता नाही.’

उस्तांच्या हातातला घास हातातच राहिला.

बयूमी म्हणाला, “प्रिय ग्राहक कोण?”

“उस्ता. दुसरं कोण?”

“मग नाव का नाही? उस्तांच्या पासबुकावर बापाचं, आजाचं, पणज्याचं नाव आहे. आणि पत्रात नुसतं ग्राहक? मला मासळीवालीसुद्धा नावानं हाक मारते.”

“अरे, हजारोंना एकदम पाठवतात. नावं कुठं लिहीत बसतील?”

“म्हणजे हजारोंची खाती एकाच शुक्रवारी गोठायची?”

मग मी त्याला म्हटलं, तुम्ही दुमयातकडचे लोक, दुसऱ्याची रोटी मोजता तशी आता बँकेची पत्रं मोजायला लागलात. सगळे हसले. बयूमी हसला नाही. त्याच्या मेव्हण्याला असंच पत्र आलं होतं म्हणे, त्यानं सगळं भरलं, आणि दुसऱ्या दिवशी लग्नासाठी ठेवलेलं सगळं खात्यातून साफ. पण बयूमीचा मेव्हणा मी पाहिलाय. तो बाजारात जाऊन स्वतःच्या चपला विसरून येतो.

पत्र कुठून आलंय तेही बघितलं, मी काही अगदीच बावळट नाही. बँकेचं नाव होतं, आणि त्याच्यामागं पतंगाच्या शेपटीसारखी लांबलचक अक्षरं. मोठी बँक, पत्ताही मोठाच असणार.

उस्ता म्हणाले, “उघड.”

निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. पान उघडलं. खात्याचा आकडा मागितला, उस्तांनी पासबुक आणायला लावलं, भरला. कार्डावरचे आकडे, पुढचे, मागचे, तेही भरले. दुसरं पान आलं. त्यावर एकच रकाना. मी वाचण्याच्या भरात वाचून गेलो, आणि माझा आवाज मुळातच मोठा:

“आईचे पूर्ण नाव.”

बयूमीनं मान खाली घातली. लाकूडवाले दोघं एकदम पाणी प्यायला उठले. उस्तांनी फडक्यानं बोटं एकेक करून पुसली आणि म्हणाले, “बंद कर ते.”

“पण उस्ता, त्याच्याशिवाय पुढचं पान…”

“बंद कर म्हटलं.”

दिवसभर ते तुतीचं लाकूड तासत होते, आणि वाकस नेहमीपेक्षा खोल जात होती.

मंगळवार, ९ डिसेंबर

मला कळत नाही असं नाही. आमच्याकडं बापाचं नाव फलकावर लावतात, आईचं घरात ठेवतात. उम्म रिद्वानला अख्खं गाव ‘रिद्वानची आई’ म्हणतं, तिचं स्वतःचं नाव मला अजून माहीत नाही, आणि मी तिच्या हातचं रोज जेवतो. शाळेत कुणाच्या आईचं नाव फुटलं तर त्याचं आयुष्य संपलं. माझ्या आईचं नाव एका पोरानं तिच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर वाचलं आणि फाटकाजवळ उभा राहून ओरडत सुटला. मी त्याचा दात पाडला. मास्तरांनी बापाला बोलावून आणायला सांगितलं, मी त्याऐवजी रेल्वेत बसलो. शिक्षण तिथं संपलं. त्या रेल्वेत एक माकडवाला होता, त्याची गोष्ट वेगळीच आहे, पण ती आत्ता नको.

सांगायचं ते असं की लाज मला कळते. पण ही बँक आहे. फाटकाजवळचं पोर नाही.

दुपारी उस्ता एकटे होते तेव्हा चहा घेऊन गेलो. खालच्या आवाजात म्हटलं, “उस्ता, मला सांगू नका. फोन हातात घ्या, तुम्हीच लिहा. मी तोंड फिरवतो.”

“मला त्या काचेवर लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे.”

“मग कानात सांगा.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की ग्लास माझ्या हातातून पडला असता.

“कानात एकदाच सांगितलंय,” ते म्हणाले. “खातं काढलं तेव्हा. फिक्रीसाहेब मॅनेजर होते, अजून आहेत. त्यांनी खोलीतल्या दोन्ही माणसांना बाहेर पाठवलं, दार लावलं, कान पुढं केला. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, आणि लिहिताना दुसऱ्या हातानं कागद झाकला. म्हणाले, उस्ता, हे आता बँकेत राहील, पुन्हा तुम्हाला विचारायची वेळ येणार नाही. माणसानं माणसाला दिलेला शब्द आहे तो. आणि आता तेच लोक उघड्यावर, चीज-रोटी खाताना, तुझ्या तोंडून मागतात. इतकी बँक निर्लज्ज झाली.”

“मागत असतील परत. कागद हरवला असेल.”

“माझ्या आईचं नाव हरवलं?”

पण मी एक बघितलं. ते रागावले आहेत तितकेच घाबरलेही आहेत. पत्र खोटं असेल असं त्यांच्या डोक्यात नाही. त्यांना वाटतंय, बँक खरोखर मागतेय आणि ते देऊ शकत नाहीत, आणि त्यापायी हज जाणार. मुलाला, रिद्वानला, फोन लावायला सांगितला, तो ग्रीसच्या बाजूला मासेमारीच्या बोटीवर असतो. लागला नाही. वादळात त्यांचीही बोट कुठंतरी आडोशाला असणार.

बुधवार, १० डिसेंबर

घरात भांडण. मी अंगणात लाकडं रचत होतो, ऐकायचं नव्हतं तरी ऐकू आलं.

उम्म रिद्वान म्हणत होती, “सांगून टाका त्या पोराला. पोर चांगलं आहे.”

“पोर चांगलं आहे, पण त्याचं तोंड भोंगा आहे.”

“मग हज राहू दे?”

मग उस्ता म्हणाले, “राहू दे.”

भांडं आपटल्याचा आवाज आला. नंतर तिचा आवाज, अगदी हळू: “माझे गुडघे पुढच्या सोडतीपर्यंत चालतील असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी लाकडं उलटी रचली होती. सगळी पाडून पुन्हा रचली.

गुरुवार, ११ डिसेंबर

आज मी ठरवलं की थेट बँकेतच जायचं. फिक्रीसाहेबांना भेटायचं, म्हणायचं साहेब, हे पत्र, हा उस्ता, काय ते तुम्हीच मिटवा. सकाळीच निघालो. उस्तांना सांगितलं खिळे आणायला जातो. ते नावाड्याशी बोलत उभे होते, पलीकडं रास-अल-बरला माणसं नेणारा तो. नुसता हात हलवला.

दुमयातला उतरलो तेव्हा वेळ भरपूर होता. उतरल्याउतरल्या मुशब्बकच्या कढईचा वास आला. आमच्याकडची ही जिलेबी गरम खाल्ली नाही तर तिचा अपमान होतो. ती खाताना पॉलिशच्या दुकानातला जुना सोबती भेटला. त्याच्या मालकानं सिंहाच्या पायांचा सोफा केलाय, ते बघायला गेलो. सिंहाला सहा बोटं होती. त्यावरून मालकाशी वाद झाला, मालकानं चहा मागवला, मी म्हटलं बोटं कमी करता येतील, करून दाखवतो. करून दाखवली. बँकेपाशी पोचलो तर जाळीचं शटर खाली, रखवालदार कुलूप लावत होता.

“रविवारी या.”

“शुक्रवारी खातं गोठतंय हो.”

“कुणाचं?”

“बँकेचंच पत्र आहे, उद्या पाचला.”

“उद्या शुक्रवार. परवाही बंद. उद्या इथं गोठवायला असणार कोण? मीसुद्धा नसेन.”

मी म्हटलं, माणसं नमाजाला जातात, संगणक थोडाच जातो. तो हसला आणि सायकलवर बसला. फिक्रीसाहेब कुठं राहतात विचारलं, तर म्हणाला ते नाही सांगता येत.

काचेवर एक मोठा कागद चिकटवला होता, जाळीतून दिसत होता. वर ‘सावध’ असं लिहिलेलं, मध्ये गळाला लागलेल्या माशाचं चित्र, गळाच्या टोकाला आमिष म्हणून एक पाकीट, आणि खाली बारीक अक्षरांत बरंच काही. वाचायला लागलो, ‘बँक आपल्या ग्राहकांकडे ईमेलद्वारे कधीही’ इथपर्यंत आलो, तोवर शेवटची गाडी भोंगा वाजवायला लागली, धावत गेलो. मासा चुकीचा काढलाय. पाठीवरचे काटे बोरी माशाचे आणि शेपूट सार्डिनचं. असा मासा आमच्या समुद्रात नाही.

गाडीत बसल्यावर वाटलं, ते वाक्य पुरं वाचायला हवं होतं. कधीही काय? ‘कधीही मागू शकते’ असंच असणार. पण इझब्याला, म्हणजे आमच्या गावाला, पोचेपर्यंत तेच वाक्य घोळवत राहिलो. खिळेही विसरलो.

शुक्रवार, १२ डिसेंबर, सकाळ

बँकेतून फोन आला. माझ्या फोनवर.

“उस्ताज दसूकी बोलतायत का?”

आमचे उस्ता त्याच्या तोंडी उस्ताज, म्हणजे साहेब, झाले. मी म्हटलं, मी त्यांच्याकडचा शिहाता.

“अच्छा, बाशमुहंदिस शिहाता. मी सुरक्षा विभागातून तामेर.”

मला आजवर कुणी इंजिनिअरसाहेब म्हटलं नव्हतं. कैरोची बोली, लोण्यासारखी. म्हणाला, तुम्ही पहिलं पान भरलंत, दुसरं अर्धवट राहिलंय, वरिष्ठ फार नाराज आहेत, पण उस्ताज हजला जातायत असं कळलं म्हणून मी स्वतः फोन केला, पुण्याचं काम आहे.

“साहेब, आज तर बँक बंद.”

“सुरक्षा विभाग कधी बंद नसतो, बाशमुहंदिस.”

“उस्ता आईचं नाव सांगत नाहीत.”

“तुम्ही घरचे आहात. घरात कुणाला तरी माहीत असेलच. आज पाचनंतर माझ्याही हातात काही राहणार नाही. मग रविवारी पैसे निघायचे नाहीत, जागा गेली, आणि ते पाप बघा तुमच्यावर यायचं, माझ्यावर नाही.”

मागं कुठंतरी फुटबॉलच्या सामन्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी चहात साखर ढवळत होतं. सुरक्षा विभागात बरं चाललेलं दिसतं. ठेवल्यावर मनात आलं, बँकेला तर उस्तांचा बटणांचा नंबर दिलाय, माझा नंबर यांच्याकडं कसा? आणि हजचं पत्रात कुठं होतं? मग वाटलं, बँकांना सगळं कळतं. म्हणून तर लोक त्यांच्याकडं पैसे ठेवतात.

बयूमीला सांगितलं. तो म्हणाला, “शिहाता, तू दक्षिणेचा म्हणून मी तुझी थट्टा करतो, पण आज थट्टा नाही. तो चोर आहे.”

“चोर इतकं गोड बोलतो?”

“मग काय शिव्या देऊन मागेल?”

“आणि तू चुकलास तर? उम्म रिद्वानला तू सांगशील, की बयूमीच्या मेव्हण्यामुळं तुमचा हज राहिला?”

माझी बाजू बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी भीती आहे, पण एका बाजूला तारीख आहे, आणि दुसऱ्या बाजूला नुसता बयूमी.

शुक्रवार, दुपार

हे कारखान्यात, अर्ध्या बोटीच्या पोटात बसून लिहितोय. वारा असा आहे की फळ्या शिट्ट्या मारतायत, फेरी सकाळपासून बंद. उस्तांचा फोन माझ्या मांडीवर आहे. उस्तांना ठाऊक नाही.

घडलं ते क्रमानं लिहितो.

उस्ता जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी पोटात दुखतं म्हणून राहिलो. उम्म रिद्वान स्वयंपाकघरात बदकात कांदा भरत होती. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि तामेर काय म्हणाला ते सांगितलं. ती बदकाचं पोट शिवत राहिली. शिवून झाल्यावर दोरा दातानं तोडला.

“कागदावर लिहायचं नाही ना?”

“नाही हज्जा, फोनवर.”

“हज्जा म्हणू नकोस. झाले नाही अजून.” मग म्हणाली, “सासूबाई शेवटी अंथरुणाला होत्या तेव्हा मी त्यांना नावानं हाक मारायचे. दुसऱ्या कशाला ओ द्यायच्या नाहीत. यांना माहीत नाही. काबा बघायला मिळाला नाही म्हणून लहान मुलीसारख्या रडायच्या. त्यांच्या नावानंच जर आमची वाट मोकळी होत असेल, तर त्या माझ्यावर रागावायच्या नाहीत. हे रागावतील. ते मी बघेन.”

मला तिनं शपथ घ्यायला लावली, माझ्या आईची. मग जवळ आली आणि सांगितलं. सुंदर नाव आहे, जुनं, आता कुणी ठेवत नाही. इथं लिहीत नाही.

त्या रकान्यात लिहिलं. पुढचं पान आलं: ‘धन्यवाद. नोंदणीकृत फोनवर आकडा पाठवला जाईल. आमचे अधिकारी तो आपल्याकडून फोनवर घेतील.’

नोंदणीकृत फोन म्हणजे उस्तांचा, आणि तो त्यांच्या खिशात, मशिदीत. ते आले, जेवले. बदकाचा पाय त्यांनी माझ्या ताटात टाकला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बोलले. “पोरा, खा. माझा राग तुझ्यावर नाही.” मग ते आडवे झाले, आणि मी खुंटीवरच्या कोटातून फोन काढला.

तामेरचा फोन लगेच आला, जसा तो वाटच बघत होता. “आता आकडा पाठवतो, बाशमुहंदिस.” उस्तांचा फोन टुकटुकला. संदेश होता, बँकेच्याच नावानं, ज्या नावानं त्यांना नेहमी येतात: ‘हा आकडा कुणालाही सांगू नका. बँकेच्या कर्मचाऱ्यालाही नाही.’ आणि सहा आकडे.

“साहेब,” मी म्हटलं, “यात लिहिलंय की कुणाला सांगू नका.”

“बरोबर आहे. चोरांना सांगू नका. मी चोर आहे का?”

“नाही साहेब.”

“मग सांगा पटकन. मिनिटं जातायत.”

पहिले दोन आकडे सांगितले आणि लाईन तुटली. वाऱ्यात टॉवर असाच जातो. आता सिग्नलच्या पट्ट्या पुन्हा दिसायला लागल्यात. त्याचा संदेश आलाय, आकडा जुना झाला, नवा पाठवतो, तयार राहा.

तर मी तयार बसलोय. आणि खरं लिहायचं तर मला उठून पळावंसं वाटतंय, रेल्वेत बसावंसं. बँकेच्या संदेशात लिहिलंय बँकेच्या माणसालाही सांगू नका, आणि फोनवर बँकेचा माणूस म्हणतो सांग. एकच बँक दोन तोंडांनी कशी बोलेल? काचेवरचं ते वाक्य. ‘कधीही’च्या पुढं काय होतं? पाच वाजत आलेत. सांगितलं आणि बयूमी खरा निघाला तर उस्तांचं सगळं जातं. नाही सांगितलं आणि तामेर खरा निघाला तरी सगळं जातं. ज्या घरात मी जेवतो तिथं माझ्या एका तोंडावर दोघांचा हज लटकलाय, आणि ते तोंड भोंगा आहे असं उस्ता आधीच म्हणून बसलेत.

उस्तांचा फोन टुकटुकला. नवे सहा आकडे आले.

बाहेर कुणीतरी धावतंय. उम्म रिद्वानचा आवाज. लिहितो आणि उठतो.

ती ओरडतेय, “शिहाता, कुठं लपलायस? लवकर ये. बँकेचे फिक्रीसाहेब आलेत.” या वाऱ्यात, सुट्टीच्या दिवशी, पलीकडच्या आपल्या घरून, त्या वेड्या नावाड्याच्या होडीतून, कमरेपर्यंत भिजून. उस्तांनी काल नावाड्याबरोबर निरोप धाडला होता म्हणे, की कानात सांगितलेलं आता उघड्यावर का मागता, मागायचंच तर स्वतः येऊन कानात मागा. आल्यापासून साहेब बसत नाहीत, टॉवेल घेत नाहीत, एकच विचारतायत: कुणी कुठं काही भरलं तर नाही ना?

नशीब म्हणायचं. सगळं भरून तयार आहे, फक्त आकडा तेवढा राहिलाय.

माझा फोन वाजतोय. तामेर. घेत नाही, वाजताच नेतो. एक बँकेचा माणूस फोनवर आहे, एक दारात उभा आहे, आणि मी मध्ये कशाला मरू? फोन फिक्रीसाहेबांच्या हातात देतो, काय बोलायचं ते दोघं एकमेकांशी बोलतील.